ट्रम्पेटचा व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा अडकतोय? तेल ओतण्याआधी हे तपासा

हौशी बँडमधले ट्रम्पेटवाले माझ्याकडे जी तक्रार घेऊन येतात, ती बहुतेक वेळा एकच असते: व्हॉल्व्ह अडकतोय. वाद्य वेगळं, माणूस वेगळा, तक्रार तीच. आपल्या वेळापत्रकातच तिचं मूळ आहे. आठवड्यातून एखादी तालीम, मधल्या दिवसांत नोकरी-घर सांभाळून जमेल तेवढा सराव आणि बाकीचा वेळ ट्रम्पेट पेटीत बंद. रोज वाजवणाऱ्याचे व्हॉल्व्ह सतत हलते राहतात, तेलही रोज पडतं. आपल्या वाद्यात मात्र तेल उडून जातं, ओलावा सुकतो, लाळेतले क्षार धातूवर बसतात आणि पुढच्या तालमीला आपण त्याच थरावर ताजं तेल सोडतो. तासभर बरं वाटतं. पुढच्या आठवड्यात तेच रडगाणं पुन्हा.

म्हणून ‘तेल घातलं तरी अडकतो’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, शेवटचं पुसलं कधी होतं?

लक्षणं: नेमकं काय होतंय?

‘अडकतोय’ या एका शब्दात निरनिराळी दुखणी येतात. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, तेव्हा आधी नीट लक्ष देऊन ओळखा.

व्हॉल्व्ह दाबला की खालीच राहतो. एफ या स्वरावरून वर जीवर यायचंय, पहिलं बोट उचललं, पण जी येतच नाही, एफच चालू राहतो. बोटाने बटण वर ओढावं लागतं.

व्हॉल्व्ह वर येतो, पण उशिरा. संथ चालीत हे कळतही नाही. जलद ओळ आली की दोन स्वरांच्या मध्ये एक फुसका, दबका आवाज निघतो. पिस्टनमधली (बटणाखाली वर-खाली सरकणाऱ्या नळकांड्यातली) भोकं नळ्यांच्या तोंडांसमोर पुरती आलेली नसतात आणि हवेची वाट अर्धी बंद असते, म्हणून तसं होतं. पुष्कळ जण याला ओठांचा दोष समजतात आणि महिनोन्‌महिने लांब स्वरांचा रियाज करत बसतात.

दाबताना खरखर जाणवते, बारीक वाळू असावी तशी.

तालमीच्या सुरुवातीला अडकतो आणि थोडं वाजवल्यावर सुटतो. किंवा नेमकं उलट: मध्यंतरापर्यंत ठीक, नंतर अडकायला लागतो.

ठरावीक प्रसंगीच अडकतो: उघड्यावर थंडीत वाजवताना, तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकवता येणारी नळी) बाहेर ढकलताना, मोठ्या आवाजाच्या जागी वाद्य घट्ट आवळल्यावर.

आणि एक फसवं लक्षण: व्हॉल्व्ह मोकळे हलतात, पण फुंकर आत जातच नाही. हे अडकणं नव्हे. तेल घालून झाल्यावर पिस्टन चुकीच्या दिशेने किंवा चुकीच्या घरात बसला, की असं होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

ही लक्षणं बघताना कोणता व्हॉल्व्ह ते नक्की करा. तिन्ही एकदम अडकत असतील तर बहुधा घाण, तेल किंवा थंडी. एकटा दुसरा असेल तर मला लगेच धक्क्याची शंका येते. एकटा तिसरा असेल तर आधी बोट बघायचं, मग लीडपाइपमधून (माउथपीस ज्या नळीत बसतो तिच्यातून) वाहून आलेली घाण, कारण बहुतेक ट्रम्पेटमध्ये तोंडातून येणारं सगळं तिथून उतरून आधी तिसऱ्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतं.

इतकी नाजूक फट का असते?

पिस्टन आणि त्याभोवतीचं केसिंग यांच्यामधली फट माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. ती तशीच हवी. जास्त झाली तर हवा गळते आणि आवाज सैल पडतो. त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो आणि तो दोन कामं करतो: धातूवर धातू घासू देत नाही आणि हवा अडवतो. आज आपण वाजवतो ती पिस्टनची रचना 1830 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमधल्या फ्रान्स्वा पेरिने याने बसवली, आणि तेव्हापासून तत्त्व फारसं बदललेलं नाही. एवढ्या बारीक फटीत कापडाचा एक तंतूसुद्धा पुरतो. हे डोक्यात असलं की पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण आपोआप समजतं, आणि जोर लावून काही सुटेल ही आशाही सुटते.

पहिली तपासणी: बोटं आणि पकड

काही लागत नाही, एक मिनिट पुरतं. वाद्य नेहमीसारखं धरा आणि अडकणारा व्हॉल्व्ह बोटाच्या टोकाकडच्या मांसल भागाने, अगदी सरळ खाली दाबा. आता तोच नेहमीच्या सवयीने दाबा. सरळ दाबल्यावर सुटतो आणि सवयीने दाबल्यावर अडकतो, असं दिसलं तर दोष वाद्यात थोडा आणि हातात जास्त आहे.

अनामिका मुळातच परावलंबी बोट. तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असल्याने ती एकटी सरळ खाली जात नाही, तिरकी ओढते. त्यात करंगळी वाद्यावरच्या आकड्यात (हुकात) घट्ट अडकवून ठेवली तर ओढ आणखी वाढते. सराव करताना करंगळी आकड्याच्या वर नुसती टेकवून बघा. बोटं आडवी पसरून मधल्या सांध्याने बटण दाबायची सवय असेल तर ती मोडा. पिस्टन बाजूला रेटला जातो आणि केसिंगच्या एकाच अंगाला घासत राहतो. वर्षानुवर्षं असं झालं की त्या अंगाला झीज होते आणि मग सरळ दाबूनही फायदा होत नाही.

डावा हातही बघा. वरचे स्वर काढायच्या धडपडीत पुष्कळ जण केसिंग मुठीत आवळतात. केसिंगच्या भिंती पातळ असतात आणि फट अशी बारीक, त्यामुळे घट्ट बसणाऱ्या पिस्टनला तेवढा दाबही नडू शकतो. मुठ सैल केल्यावर व्हॉल्व्ह सुटला तर उत्तर मिळालं.

ही तपासणी पहिली, कारण ती फुकट आहे आणि इथे उत्तर मिळालं तर वाद्य उघडायची गरजच उरत नाही.

दुसरी: झाकणं, बटणं आणि तळाचं भोक

प्रत्येक व्हॉल्व्हच्या खालच्या झाकणाच्या मध्यावर एक छोटं भोक असतं. पिस्टन खाली जाताना खालची हवा तिथून बाहेर पडते, वर येताना तिथूनच आत शिरते. तिथे घट्ट तेल आणि मळ साचून भोक बुजलं की पिस्टनखाली हवा कोंडते आणि व्हॉल्व्ह सुस्त होतो. झाकण फिरवून काढा, आतला काळा लगदा पुसा, भोक लाकडी काडीने मोकळं करा. झाकणाच्या तळाशी बऱ्याचदा तेल-पाण्याचं मिश्रण साचलेलं असतं. ते सांडेल, म्हणून वाद्य फडक्यावर धरा.

आता झाकण न लावताच व्हॉल्व्ह दाबून बघा. लगेच मोकळा झाला तर दोष झाकणाकडेच होता: एक तर भोक बुजलेलं, नाहीतर झाकण ठेचलेलं किंवा अवाजवी आवळलेलं. झाकणं बोटांनी बसतील तेवढीच घट्ट करायची.

मग वरची बाजू. बटण वरच्या झाकणावर ढिलं झालंय का? बटणाचा दांडा वाकलाय का? दाबून धरलेल्या व्हॉल्व्हकडे बाजूने, डोळ्याच्या पातळीवरून बघा. दांडा झाकणाच्या भोकाच्या एका कडेला टेकत असेल तर तो घासतोय. ढिलं बटण हाताने घट्ट करा. वाकलेला दांडा मात्र सरळ करायला जाऊ नका, तो पेचाच्या मुळाशी मोडतो आणि तुकडा पिस्टनमध्ये राहतो.

तिसरी: पुसणं, मग तेल

माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारी याच पायरीवर मिटतात, म्हणून इथे जरा थांबते.

एका वेळी एकच व्हॉल्व्ह काढा. पिस्टनवर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात, वाजवणाऱ्याच्या सर्वांत जवळचा तो पहिला. तिन्ही एकदम काढून टेबलावर ठेवले की गोंधळ होतो, आणि प्रत्येक पिस्टन आपापल्या घरासाठीच घासून बसवलेला असतो, तो दुसऱ्या घरात वापरायचा नाही.

वरचं झाकण फिरवा, पिस्टन सरळ वर ओढा. आता लगेच तेल घालू नका. उजेडात धरून बघा. निरोगी पिस्टन एकसारखा चकचकीत किंवा एकसारखा मंद राखाडी दिसतो. आजारी पिस्टनवर भोकांच्या कडांना तपकिरी-करडी झाक असते, कुठे हिरवट ठिपके, कुठे उभे ओरखडे. तंतू न सुटणाऱ्या जुन्या, धुवून मऊ झालेल्या सुती कापडाने तो पुसा. वरपासून खालपर्यंत पुसत आणा, भोकांच्या आतूनही कापडाचं टोक फिरवा. बऱ्याच दिवसांनी पुसत असाल तर कापडावर काळपट-हिरवा पट्टा उमटेल. कापडाची स्वच्छ बाजू घेऊन तो पट्टा उमटायचा थांबेपर्यंत पुसा.

केसिंग आतूनही पुसायचं. लवचिक दांडीला कापडाची पट्टी गुंडाळा, दांडीचं टोक कुठेही उघडं राहणार नाही अशी, आणि केसिंगमध्ये वरून खाली फिरवत न्या. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पिस्टन लख्ख पुसायचा आणि मळकट केसिंगमध्ये घालायचा, म्हणजे आंघोळ करून मळके कपडे चढवण्यासारखं आहे.

आता तेल. पिस्टनच्या मधल्या-खालच्या घासल्या जाणाऱ्या भागावर चार-पाच थेंब, पिस्टन फिरवत पसरा. सरळ आत सोडा आणि हलकेच फिरवा. गाइड (पिस्टनला दिशेत ठेवणारी छोटी पट्टी) खाचेत बसली की टक् असा आवाज येतो किंवा बोटाला कळतं. बहुतेक ट्रम्पेटमध्ये आकडा माउथपीसच्या बाजूला येतो. काही बनावटींत गाइडची दोन टोकं लहान-मोठी असतात, त्यामुळे ती एकाच दिशेने बसते. झाकण लावून फुंकर मारा. हवा जात नसेल तर दिशा किंवा घर चुकलंय, काढून पुन्हा बसवा. वर सांगितलेलं फसवं लक्षण ते हेच.

तेलाबद्दल दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगते. व्हॉल्व्हचंच तेल वापरा. शिवणयंत्राचं तेल, डोक्याचं तेल, स्वयंपाकाचं तेल, गंज सोडवायचा फवारा, यातलं काहीही नको. वनस्पतिजन्य तेल हवेने चिकट होतं आणि व्हॉल्व्ह अक्षरशः डिंकाने चिकटवल्यासारखा होतो. पेट्रोलियमपासून केलेलं व्हॉल्व्हचं तेल पातळ असतं आणि लवकर उडतं, सिंथेटिक जास्त दिवस टिकतं. आठवड्यात थोडंच वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांना मला सिंथेटिक बरं वाटतं. पण एकावरून दुसऱ्यावर जाताना आधीचं तेल पूर्ण पुसून काढा, दोन्ही एकत्र करू नका. जाडीही बघा: नव्या, घट्ट वाद्याला पातळ तेल, जुन्या झिजलेल्याला जरा जाड. नव्या ट्रम्पेटमध्ये जाड तेल घालून ‘अडकतोय’ म्हणणारे खूप भेटतात.

आणि लीडपाइपमधून किंवा तळाच्या भोकातून तेल सोडायचा सोपा मार्ग टाळा. लीडपाइपमधून सोडलेलं तेल तिथला गाळ सोबत घेऊन थेट व्हॉल्व्हमध्ये जातं. तळातून सोडलेलं तेल वर चढण्याऐवजी झाकणातच साचतं.

चौथी: स्लाइडचं ग्रीस

स्लाइडला ग्रीस लावल्यानंतर दोन दिवसांनी व्हॉल्व्ह जड झाला, तर योगायोग समजू नका. ट्युनिंग स्लाइडला नळीच्या टोकापर्यंत भरपूर ग्रीस चोपडलं की आत ढकलताना जास्तीचं ग्रीस आतल्या बाजूला सरकतं आणि फुंकरीबरोबर व्हॉल्व्हमध्ये येतं. अशा वेळी पिस्टन पुसताना कापडाला चिकटपणा जाणवतो. उपाय: पिस्टन आणि केसिंग पुन्हा नीट पुसणं, आणि पुढच्या वेळी ग्रीसचा पातळ थर नळीच्या टोकापासून थोडं अंतर सोडून लावणं. पहिली-तिसरी स्लाइड वाजवताना हलवायची असते, तिथे घट्ट ग्रीस नकोच.

व्हॉल्व्हची स्लाइड काढता-घालताना तो व्हॉल्व्ह दाबून ठेवायची सवय लावून घ्या. नाहीतर आत हवेचा दाब किंवा पोकळी तयार होते आणि ती फटीतलं तेल ढकलून देते.

पाचवी: तोंड, मध्यंतर आणि हवामान

मध्यंतरानंतर अडकणारा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा मध्यंतरात काय खाल्लं-प्यायलं त्याची साक्ष देतो. आमच्या बँडमध्ये एका मुलीचा पहिला व्हॉल्व्ह दर तालमीच्या उत्तरार्धात जड व्हायचा. पिस्टन काढला तेव्हा वरच्या भोकाजवळ बोटाला चिकटणारा थर लागला, आणि ती मध्यंतरात गोड सरबत पिऊन तशीच वाजवायला बसत होती. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लागल्यावर तक्रार थांबली. घरी सरावाला बसण्यापूर्वीही दात घासले किंवा निदान चूळ भरली तर लीडपाइप कितीतरी स्वच्छ राहतो.

थंडीचं कारण निराळं. बऱ्याच ट्रम्पेटचे पिस्टन निकेल-तांब्याच्या मोनेल मिश्रधातूचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असतात आणि केसिंग पितळेचं. गार झालं की पितळ त्यांच्यापेक्षा जास्त आकसतं, आणि आतला पिस्टन तर श्वासाने उबदार राहतो. फट आणखी अरुंद होते, तेलही घट्ट होतं. उघड्यावर संचलन किंवा थंडीतला कार्यक्रम असेल तर पातळ तेल घाला, वाजवायचं नसतं तेव्हाही व्हॉल्व्ह हलते ठेवा आणि फुंकर न वाजवता सोडून वाद्य ऊबदार ठेवा. तिसऱ्या ट्रम्पेटच्या ओळीत लांबच लांब विराम असतात. तेवढ्यात वाद्य गारठतं आणि नेमकं प्रवेशाच्या मात्रेला व्हॉल्व्ह दगा देतो.

सहावी: स्प्रिंग

व्हॉल्व्ह खरखरत नाही, खाली मोकळा जातो, पण वर यायला आळस करतो, तर स्प्रिंग बघा. अडकणाऱ्या व्हॉल्व्हची आणि शेजारच्या चांगल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग काढून उभी ठेवा, लांबी आणि सरळपणा ताडून बघा. मग त्यांची अदलाबदल करा. दोष स्प्रिंगबरोबर दुसऱ्या व्हॉल्व्हकडे गेला तर नवी स्प्रिंग आणायची. आणायच्याच असतील तर तिन्ही एकदम, म्हणजे बोटांना सारखा दाब लागतो.

अशक्त स्प्रिंग ओढून लांब करणं हा जुना तोडगा आहे, आणि वाईट आहे. वेटोळी असमान होतात, स्प्रिंग एका बाजूला झुकते आणि पिस्टनला तिरकं रेटते. मूळ दुखणं राहिलं, वर नवं आलं. स्प्रिंगचं कडकपण वाढवून मळावर मात करायचा प्रयत्नही असाच: बोटं दमतात, मळ तिथेच राहतो.

सातवी: संपूर्ण आंघोळ

पुसून, तेल घालून, स्प्रिंग तपासूनही आठवड्याभरात तक्रार परत येत असेल तर गाळ नळ्यांमध्ये आहे आणि तिथून तो पुन्हा व्हॉल्व्हमध्ये येतोय. वाद्य धुवायला हवं.

सगळ्या स्लाइड, व्हॉल्व्ह, झाकणं काढा. टबाच्या तळाशी टॉवेल अंथरा, कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य द्रवसाबण. पाणी कोमटच: फार गरम पाण्याने लॅकरचा मुलामा सुटतो. वाद्याचा सांगाडा आणि स्लाइड थोडा वेळ बुडवून ठेवा, मग लांब लवचिक ब्रश लीडपाइपमधून फिरवा. पहिल्यांदाच करत असाल तर जे बाहेर येईल ते बघून पुढे कधी आळस करणार नाही. केसिंगमध्ये ब्रश घालताना त्याची तार भिंतीला घासू देऊ नका.

पिस्टन टबात टाकू नका. त्यांच्या दांड्यावर नमदा आणि बूच असतात, ते भिजले की फुगतात, चपटतात, आणि पिस्टन किती खाली-वर थांबावा ही मापं बिघडतात. व्हॉल्व्ह अडकत नाही, पण सूर घुसमटतो आणि कारण सापडत नाही. पिस्टनचा फक्त खालचा भाग वाहत्या कोमट पाण्यात धरून मऊ ब्रशने धुवा.

सगळं स्वच्छ पाण्याने धुवून पूर्ण वाळवा, मग ग्रीस, मग तेल. धुतल्यानंतर पहिल्या दोन-चार वेळा व्हॉल्व्ह पुन्हा पुसावे लागतात, कारण सुटलेला गाळ थोडा थोडा येतच राहतो. हौशी वादकाने वर्षातून दोन-तीनदा तरी वाद्य धुवावं. लीडपाइपमधून ब्रश त्याहून जास्त वेळा फिरवावा.

पितळ चमकवायचं पॉलिश, टूथपेस्ट, पॉलिश-पेपर, स्टीलचा काथ्या यांतलं काहीही पिस्टनला लावायचं नाही. ओरखडा दिसला म्हणून घासून काढायचा मोह होतो. पण ओरखड्याबरोबर फटही रुंदावते आणि गेलेला धातू परत येत नाही.

आठवी: दोष पिस्टनमध्ये की केसिंगमध्ये?

ही घरी करता येण्याजोगी शेवटची तपासणी. पिस्टन आणि केसिंग लख्ख पुसा, पिस्टनला तेल लावा, स्प्रिंगविना (ती बाहेर काढता येत असेल तर) अलगद आत सोडा. स्वतःच्या वजनाने उतरेल तेवढाच उतरू द्या, कुठे थांबतो ते बघा. मग तसाच आत असताना हळूच थोडा थोडा फिरवत वर-खाली करा. फिरवला तरी केसिंगच्या त्याच बाजूला घट्ट लागत असेल तर दोष केसिंगमध्ये आहे. घट्टपणा पिस्टनबरोबर फिरत असेल तर दोष पिस्टनमध्ये. खालचं झाकण काढून पिस्टन तळाच्या बाजूनेही जरासा घालून बघा: वरून मोकळा आणि खालून घट्ट, म्हणजे केसिंगच्या खालच्या भागात ठेच.

दुसऱ्या व्हॉल्व्हला हे जास्त होतं. त्याची स्लाइड बाहेरच्या बाजूला उघडी असते. पेटी उभी पडली, वाद्य खुर्चीवरून घसरलं, नोटस्टँडची कड लागली, की पहिला धक्का तिलाच बसतो, आणि ती थेट केसिंगला जोडलेली असल्याने धक्का आत पोचतो. आमच्याकडच्या एका काकांच्या ट्रम्पेटवर पोचा दिसतच नव्हता. खिडकीसमोर धरून दुसरी स्लाइड बाजूने पाहिली तेव्हा कळलं की तिच्या दोन नळ्या एका सरळ रेषेत नाहीत, एक किंचित आत दबलेली होती. इतकं दिसलं की घरचं काम संपलं.

इथे थांबा, कारागिराकडे जा

ब्रासवाद्यांची दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे योग्य मापाच्या सळ्या, साचे आणि फट मोजायची साधनं असतात. खालीलपैकी काहीही असेल तर घरी हात लावू नका.

केसिंगवर किंवा दुसऱ्या स्लाइडच्या मुळाशी ठेच. पिस्टन वाकल्याची किंवा पडल्याची शंका. पडलेला पिस्टन दिसायला ठीक असला तरी जोर करून आत घालू नका, केसिंगला ओरखडा पडला की काम दुप्पट होतं.

पिस्टन आतच रुतला आणि हाताने वर येत नाही. तळाच्या भोकातून खिळा घालून ठोकायचं नाही, पक्कड लावायची नाही. अडकलेलं झाकण, स्लाइड आणि माउथपीस यांनाही हेच लागू. माउथपीस ओढायला दोन माणसं लागली की लीडपाइपचे जोड निखळतात.

पुसूनही न जाणारा पांढरट-करडा खडबडीत थर. तो चुन्यासारख्या क्षारांचा असतो आणि साबणाने सुटत नाही. रासायनिक किंवा अल्ट्रासॉनिक सफाईच लागते. घरी आम्लात भिजवून ठेवण्याचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका: जास्त वेळ राहिलं तर पितळातलं जस्त निघून जातं आणि धातू गुलाबी, ठिसूळ होतो. लीडपाइपवर आपोआप गुलाबी-लालसर ठिपके दिसत असतील तर तोच प्रकार आतून सुरू झालाय, तेही दाखवा.

व्हॉल्व्ह मोकळा आहे पण वाद्य गळतंय. ताजं तेल घालून, व्हॉल्व्ह न दाबता दुसरी स्लाइड पटकन बाहेर काढा. निरोगी वाद्यात टपकन आवाज येतो. काहीच आवाज आला नाही तर व्हॉल्व्ह झिजलेत, किंवा ती स्लाइडच सैल आहे. झिजलेल्या पिस्टनवर निकेलचा मुलामा चढवून पुन्हा घासून बसवता येतं, पण ते मोठं काम आहे. वाद्य त्या खर्चाच्या लायकीचं आहे का, हे कारागिरालाच विचारा. जुन्या शिकाऊ ट्रम्पेटच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असू शकतं, आणि ते ऐकून घ्यावं.

नवं वाद्य हमीच्या मुदतीत असेल आणि पहिले काही आठवडे रोज पुसून-तेल घालूनही व्हॉल्व्ह बसत नसेल, तर स्वतः काहीही न करता विक्रेत्याकडे परत न्या. कारखान्यात घासकाम करताना राहिलेली बारीक भुकटी सुरुवातीला त्रास देते, ती जाते. फट चुकीची असेल तर ती काही केल्या सुधारणार नाही.

कार्यक्रम उद्यावर आला असेल तर आज फक्त तिसऱ्या पायरीपर्यंत जा. ऐन वेळी आंघोळ नको, सुटलेला गाळ मंचावर त्रास देईल. तेलाची बाटली आणि कापड खुर्चीखाली ठेवा. वाजवताना व्हॉल्व्ह खाली राहिलाच तर वर खेचत बसू नका, तो स्वर सोडून द्या, पुढच्या विरामात वरचं झाकण काढून पिस्टन अर्धा वर घ्या, दोन थेंब टाका आणि न फिरवता तसाच खाली सोडा.

कारागिराकडे जाताना ‘अडकतोय’ एवढंच सांगू नका. कोणता व्हॉल्व्ह, दाबताना की वर येताना, सुरुवातीला की नंतर, कोणतं तेल घालता, वाद्य कधी पडलं होतं का, आणि वरच्यापैकी काय काय करून बघितलं, हे एका कागदावर लिहून वाद्याबरोबर पेटीत ठेवा. पेटीही तीच न्या: आतलं अस्तर झिजून वाद्य हलत असेल तर ठेच तिथेच बसत असते आणि कारागिराला ते लगेच दिसतं.